आप्पांबरोबर ‘इ कम्पान्यी’ बघताना

आमचं घर बेळगावातल्या वडगावचं. आप्पांनी हयातभर दुसऱ्याच्या पावरलूमवर साड्या विणल्या. कांड्या, म्हणजे धोट्यात बसवायच्या सुताच्या नळ्या, भरायच्या आईनं, आणि शाळा सुटली की आम्ही बहिणींनी. म्हणून दिग्दर्शक मारिओ मोनिचेल्ली यांचा १९६३ सालचा ‘इ कम्पान्यी’ हा इटालियन सिनेमा एकटीनं बघून झाल्यावर लगेच पुढच्या रविवारी आप्पांना टीव्हीसमोर बसवलं आणि परत लावला. इंग्रजीत तो ‘दी ऑर्गनायझर’ नावानं मिळतो. उपशीर्षकं इंग्रजी, ती मी मराठीत सांगत गेले.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचं, इटलीतलं तुरीन शहर. कापडगिरणी, चौदा तास काम, जेवायला अर्धा तास. सुरुवातीलाच ओमेरो नावाचा पोरगा अंधारात उठतो आणि तोंड धुवायला भांड्यातला बर्फ फोडतो. आप्पा तिथंच सरसावून बसले. पुढं दमलेल्या एका कामगाराचा हात यंत्रात सापडतो. “झोपंनं खाल्ला की गं त्याचा हात,” आप्पा म्हणाले. मग त्यांनी रात्रपाळीतली एक गोष्ट सांगितली. पहाटे चारच्या सुमाराला धोटा, म्हणजे मागावर आडवा सूत नेणारा लाकडी तुकडा, उडाला आणि शेजारच्या मागावरच्या माणसाचा डोळा गेला. इतक्या वर्षांत हे आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

कामगारांची मागणी काय, तर चौदाचे तेरा तास करा. त्यासाठी सुटीचा भोंगा एक तास आधीच वाजवायचं ठरतं, आणि बेत फसतो. आपण त्यांच्या फजितीला हसतो आणि हसता हसता घशाशी येतं. सगळा सिनेमा असाच आहे. पटकथा ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचली होती, आणि ते पटतं.

मार्चेल्लो मास्त्रोयान्नी यांचा प्रोफेसर सिनिगालिया मला फार आवडला. पोलीस मागावर, अंगावर जुनाट कोट, डोळ्यांवर चष्मा, पोटात काही नाही. शाळेच्या खोलीत बैठक संपते, सगळे जातात. कुणाचा तरी पाव मागं राहिलेला. प्रोफेसर तो उचलतो, तोंडाशी नेतो, आणि तेवढ्यात पाववाला परत येतो. एक शब्दाचं भाषण नाही, पण भुकेल्या माणसानं भुकेल्यांना संपावर न्यायचं म्हणजे काय, ते तिथं कळतं. नायक देखणा नाही, धीटही नाही. बोलायला लागला की मात्र लोक ऐकतात.

आणखी एक प्रसंग आपल्या भागातल्या माणसाला जास्त लागेल. गिरणीत दूर दक्षिणेच्या सिसिली बेटावरचा एक कामगार आहे, सगळ्यांत गरीब, इतरांना परका. तो संप मोडून कामावर जाणार म्हणून जाब विचारायला लोक त्याच्या झोपडीत जातात. आतली दैना बघून त्यांचा राग उतरतो. आमच्या शेडात एका मागावर मराठी, दुसऱ्यावर कन्नड. चहा एका किटलीतला. पण पगार थकला की बाहेरचे लोक भाषेवरूनच आधी फूट पाडायचे, असं आप्पा सांगतात.

एक उणीव सांगते. प्रोफेसरला आसरा देणारी, आनी जिरार्दो यांची नियोबे ताकदीची आहे, पण तिला पुरेशी जागा दिलेली नाही. गिरणीतल्या बायकाही गर्दीतच जास्त दिसतात. जुझेप्पे रोतुन्नो यांचं कृष्णधवल छायाचित्रण बघायचं तर मोबाईलवर बघू नका. धुरकट गिरणी, फिरणारे पट्टे, बर्फाळ रस्ते मोठ्या पडद्यावरच उठून दिसतात.

धाकट्या भावानं तरी शिकावं म्हणून ओमेरो त्याच्यामागं लागलेला असतो, तो धागा नीट धरून ठेवा. शेवटचं दृश्य गिरणीच्या फाटकावरचं. ते झाल्यावर आप्पांनी एवढंच विचारलं, “आणि त्या बारक्याची शाळा?”

येत्या रविवारी गल्लीतल्या चौघा जुन्या विणकरांना बोलावलंय. त्यांतले दोघे कन्नड बोलणारे, म्हणून शेजारची पोरगी माझ्याशेजारी बसून कन्नडातून सांगणार आहे.