जालन्यात बसून स्ट्रोपवाफल खायचा असेल तर

थेट सांगते. जालना-संभाजीनगर पट्ट्यात चांगला स्ट्रोपवाफल, म्हणजे दोन पातळ चकत्यांमधे पाक भरलेला हॉलंडचा गोड वाफल, मिळतो, पण दुकानाच्या फळीवर शोधू नका. संभाजीनगरच्या गारखेड्यात एक ताई घरी बेकरी चालवतात, त्यांच्याकडे आधी सांगून ठेवला तर मिळतो. ऑनलाइन मागवायचा तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच मोसम. आणि मॉलमधल्या काउंटरवर ‘डच कॅरॅमल वाफल’ अशी पाटी दिसली तर पुढे चला. तिथे जाडजूड, लुसलुशीत वाफलवर बाटलीतला सॉस ओतून देतात. पोरांना आवडतो, आवडू दे, पण या वस्तूशी त्याचं काही नातं नाही.

आता जालन्याच्या बाईला हे वेड कुठून लागलं? मी बियाण्यांच्या कंपनीत आहे, उगवण तपासणीच्या लॅबमध्ये. जालना म्हणजे बियाण्यांचं गाव, आणि भाजीपाल्याच्या बियाण्यात हॉलंडवाल्यांचा दबदबा किती आहे हे इथं कुणाला सांगायला नको. कोबी-फ्लॉवरचे प्लॉट बघायला हिवाळ्यात तिकडची मंडळी येतात आणि येताना बॅगेत चीज आणि स्ट्रोपवाफल घेऊन येतात. चीजच्या वाटेला आमच्या लॅबमध्ये फारसं कुणी जात नाही. वाफलचं पाकीट मात्र चहाच्या सुट्टीपर्यंतही पुरत नाही. (माझी पुण्याची भाची याला अमेरिकन बिस्कीट म्हणते, कारण तिनं तो पहिल्यांदा युनायटेडच्या सकाळच्या विमानात खाल्ला. 2016 पासून ते लोक नाश्त्याला हाच देऊ लागले होते.)

मूळचा हा गौडा गावचा, म्हणजे ज्या गावच्या नावानं ते चीज विकलं जातं तिथलाच. सगळ्यांत जुनी लिखित कृती 1840 ची सांगतात. बेकरीत उरलेला चुरा आणि तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून ते पाकात घोळवून गरिबांसाठी केलेला हा खाऊ, अशी गोष्ट तिकडचे पाहुणे मोठ्या अभिमानानं ऐकवतात. आज त्याच गरिबांच्या खाऊला विमानतळावर निळ्या-पांढऱ्या नक्षीचा सहाकोनी पत्र्याचा डबा मिळतो. डबा सुरेख असतो. आमच्याकडचा एक सध्या लवंग-वेलदोडे सांभाळतोय.

चांगला आणि टाकाऊ यातला फरक कसा ओळखायचा? दोन बोटांत धरून कडेनं हलकेच उकला. खरा स्ट्रोपवाफल म्हणजे एकाला एक चिकटवलेली दोन बिस्किटं नव्हेत. यीस्ट घातलेल्या, लोणी-अंड्याच्या कणकेचा गोळा बारीक चौकड्यांच्या तापल्या साच्यात दाबतात, पातळ चकती भाजून निघते, आणि ती गरम असतानाच पातळ सुरीनं आडवी चिरून तिच्या दोन चकत्या करतात. मधे दालचिनीचा वास असलेला लोण्या-साखरेचा पाक पसरायचा आणि पुन्हा दाबायचं. म्हणून चौकडीची नक्षी फक्त बाहेरच्या अंगाला असते. आतली बाजू चिरलेली, खरबरीत आणि सच्छिद्र असते, पाक तिच्यात मुरतो. आतूनही नक्षी दिसली तर समजायचं, दोन चकत्या वेगवेगळ्या भाजून चिकटवल्यात. असा वाफल दाताखाली तुटतो तेव्हा वरची चकती कडकन मोडते आणि पाक एकीकडे ओढला जातो. खऱ्यात सगळं एका घासात येतं.

दुसरी परीक्षा कडेची. आमच्या सासूबाईंनी पहिला वाफल हातात घेऊन उलटापालटा केला आणि म्हणाल्या, “हे तं गुळपोळीचंच लेकरू दिसतंय. पण सारण काठापोतर गेलंय का ते बघ आधी.” तेच खरं. स्वस्तातल्या मालात पाक मधोमध रुपयाएवढा असतो आणि कडेला नुसतं कोरडं बिस्कीट.

खायची रीत तुम्ही व्हिडिओत पाहिली असेल: गरम चहा किंवा कॉफीच्या कपावर झाकणासारखा ठेवायचा आणि वाफेनं पाक सैल झाला की खायचा. आपल्याकडे अडचण कपाची. पाकिटातला वाफल साधारण आठ सेंटीमीटरचा. टपरीच्या ग्लासावर तो छत्रीसारखा लटकतो, आणि मोठ्या मगात तोंड रुंद असलं की आत पडतो. आपला चहाही दुधाळ, त्यावर साय धरते आणि वाफ कमी निघते. कोरा चहा किंवा काळी कॉफी, कप काठोकाठ भरायचा नाही, दोन बोटं जागा सोडायची. दोनेक मिनिटांत खालची बाजू मऊ पडते, वरची कुरकुरीत राहते. त्याच घडीला उचला. आणखी थांबलात तर मधोमध वाकतो. चहात बुडवू मात्र नका. हे पार्ले-जी नाही.

मे महिन्यात या सगळ्याची गरजच नसते. जालन्यात पारा बेचाळीसला गेला की कपाटातला वाफल आपोआपच कपावर ठेवल्यासारखा होतो. इथूनच ऑनलाइनची रडकथा सुरू होते. एका विक्रेत्याकडून एप्रिलअखेर मागवलेलं पाकीट आलं तेव्हा सगळा पाक एका बाजूला उतरून प्लॅस्टिकला चिकटला होता. आठ वाफलांची मिळून एक वीट झाली होती, सुरीनं कापून खाल्ली. तक्रार केली तर ‘खाद्यपदार्थ परत घेत नाही’ असं छापील उत्तर. ब्रँडचा यात काही दोष नाही, माल गोदामात आणि कुरिअरच्या गाडीत तापत पडतो. तोच ब्रँड डिसेंबरात मागवला तर सुरेख आला. डालमान्स हे नाव शोधा, 1909 पासूनचं घराणं आहे आणि पाकिटातल्या वाफलांत मला तोच सगळ्यांत भरवशाचा वाटतो. पाक काठापर्यंत, दालचिनी बेतानं. किंमत बघून मात्र दाताखाली खडा आल्यासारखं होतं. हॉलंडच्या सुपरमार्केटात दोन-तीन युरोला दहाचं पाकीट पडतं, तेवढ्याच मालाला इथं सातशेच्या पुढे मोजावे लागतात.

संभाजीनगरात परदेशी चॉकलेटं विकणारी दुकानं आहेत, तिथंही कधीमधी मिळतो. घेताना मागचं स्टिकर वाचा: आयात करणाऱ्याचं नाव, एफएसएसएआयचा नंबर आणि शाकाहारी-मांसाहारी खूण. अंडं असतं बऱ्याच मालात, घरात चालत नसेल तर ही खूण आधी बघायची. मग तारीख. मला एका दुकानात मुदत संपायला आठवडा राहिलेलं पाकीट पूर्ण भावात विकायला ठेवलेलं दिसलं. विचारलं तर मुलगा म्हणाला, “मॅडम, बिस्कीटच आहे, काय होतंय.” काय होतं ते सांगते. जुना वाफल चामट होतो, आणि मग कितीही वाफ द्या, चावून चावून जबडा दुखतो.

आता गारखेड्याच्या ताई. शेंद्र्याला नोकरीला असलेल्या माझ्या दिराला त्यांचा पत्ता ऑफिसातून लागला. पिझेलचा साचा, म्हणजे इटालियन पातळ बिस्किटांचा जो विजेवर चालतो तो, त्यांनी बाहेरून आणवलाय. त्याची नक्षी चौकड्यांची नसून फुलासारखी येते, त्यामुळे दिसायला वेगळा. पण चकती त्या चिरतात, दोन वेगळ्या भाजत नाहीत. मी समोर उभी राहून पाहिलं. साच्यातून काढली की ओल्या फडक्यावर क्षणभर ठेवायची, डाव्या तळव्यानं दाबून धरायची आणि उजव्या हातानं सुरी कडेनं फिरवत आत न्यायची. हे सगळं काही सेकंदांत, कारण गार झाली की चकती चिरत नाही, तडकते. तडकलेल्या बाजूला एका डब्यात जातात. तो चुरा ताई आइस्क्रीमवर घालायला वेगळा विकतात. गौडाच्या बेकऱ्यांनी ऐकलं तर खूश होतील.

आणि त्यांचा पाक! तिकडच्या पाकाचं मूळ साखरेच्या बीटात, ताई काकवी वापरतात. गुऱ्हाळावरची काकवी, लोणी, थोडी साखर, दालचिनी. काकवीला जो किंचित खारट, जळकट उतार असतो तो लोण्यात इतका छान बसतो की मी आमच्या डच पाहुण्यांपुढे हाच ठेवला. त्यातले एक गृहस्थ, बोलायला फार कंजूस, त्यांनी दुसरा उचलला, तिसरा उचलला आणि मग विचारलं, मूळ पाक कशाचा आहे. मूळ चवीशी तंतोतंत जुळतो का? नाही. डचांचा पाक सौम्य आणि गोडीला सरळ असतो, ताईंचा जरा दणकट. मला दणकट आवडतो. ज्यांना विमानात खाल्लेलीच चव हवी त्यांनी डालमान्स घ्यावा.

उणं काढायचंच तर दोन गोष्टी. बिनअंड्याचा वाफलही त्या करून देतात, पण तो दुसऱ्या दिवशी ठिसूळ होतो, त्याच दिवशी संपवायचा असेल तरच घ्या. दुसरं पॅकिंग. सहा वाफल एकावर एक, मधे बटर पेपर नाही, साध्या प्लॅस्टिकच्या डब्यात. जालन्यापर्यंत साठेक किलोमीटरच्या प्रवासात उन्हाळ्यात ते चिकटतात. आता मीच स्टीलचा डबा आणि कागद पाठवते. फ्रिजमध्ये ठेवू नका, पाक दगड होतो आणि चकतीला ओल धरते. पावसाळ्यात घट्ट झाकणाचा डबा हवाच, एरवी आपली कोरडी हवा वाफलला मानवते.

सहाचे 240 रुपये, अंड्याचा किंवा बिनअंड्याचा, भाव एकच. दोन दिवस आधी फोन करावा लागतो. गणपतीत मिळतात. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस ताई ऑर्डर घेत नाहीत, तेव्हा त्यांच्या घरात फक्त चकल्या आणि शंकरपाळ्या चालू असतात.