खोटा दस्त निघाला, तर आधी कुठे जायचे: पोलीस, दिवाणी दावा की इन्व्हेंटरी?

आमच्या गावच्या भाटाच्या (बागायती जमिनीच्या) एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीच्या, उताऱ्यावर परके नाव चढले, तेव्हा घरात तीन मते पडली. काका म्हणाले पोलीस. आत्या म्हणाली इन्व्हेंटरी (वारसांत मालमत्ता वाटून देणारी न्यायालयातली प्रक्रिया) घालूया, वाटे एकदाचे होऊन जाऊदेत. वकिलांनी दावा सुचवला. विक्रीखतावर आजीची सही होती आणि तारीख होती ती गेल्यानंतर पाच महिन्यांची. गोव्यातल्या किती घरांत आज हीच चर्चा चालली असेल, म्हणून लिहिते आहे.

माझ्या मते पहिला प्रश्न एकच आहे: खोटेपणा बाहेरच्याने केला की घरातल्याने?

बाहेरच्याने केला असेल तर पोलिसांकडे जायलाच हवे. जमिनी हडपण्याच्या अशाच तक्रारींसाठी जून २०२२ मध्ये गोवा सरकारने विशेष तपास पथक नेमले. पोर्तुगीज काळातले दस्तही बनावट तयार केल्याची प्रकरणे तेव्हा पुढे आली आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही नेमला गेला. तुम्हा-आम्हाला जे कागद कुणी दाखवणार नाही, ते पोलीस जप्त करू शकतात आणि सह्या तज्ज्ञाकडे पाठवू शकतात. मृत्युपत्र किंवा मालमत्तेचा दस्त बनावट केल्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. पण आरोपी तुरुंगात गेला तरी जमीन आपोआप तुमच्या नावावर येत नाही. शिवाय ‘हा दिवाणी वाद आहे’ असे ठाण्यातच ऐकावे लागण्याची तयारी ठेवा.

जमीन परत मिळवून देतो तो दिवाणी दावा. दस्त रद्दबातल ठरवणे, मालकी जाहीर करणे आणि पुढची विक्री थांबवणारा मनाई हुकूम या तिन्ही गोष्टी तिथेच मागता येतात. दावा चालू असताना कुणी जमीन विकलीच, तरी घेणाऱ्याला निकाल बांधून ठेवतो. वेळ लागतो, फार लागतो. तरीही थांबू नका, कारण दस्त रद्द करून घ्यायची मुदत खोटेपणा कळल्यापासून ३ वर्षांची आहे. ‘घरातच मिटवू’ म्हणत लोक ती घालवतात, याचे मला फार वाईट वाटते.

नोंदणी झालेला दस्त न्यायालय खरा धरून चालते, तो खोटा हे तुम्हाला दाखवावे लागते. म्हणून उपनिबंधकाकडून त्याची प्रमाणित प्रत लगेच काढा. विकणाऱ्याचा फोटो आणि अंगठा दस्तावर असतो. आमच्या प्रतीवरच्या फोटोतली बाई आजी नव्हतीच. मृत्यूचा दाखला, बँकेतल्या जुन्या सह्या आणि पणजीच्या पुराभिलेख खात्यातली मूळ नोंद हेही गोळा करा.

आता इन्व्हेंटरी. पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली ही पद्धत आता २०१२ च्या गोवा वारसा कायद्यात आहे. तो २२ डिसेंबर २०१६ पासून लागू झाला. सगळ्या वारसांना नोटीस जाते, मालमत्तेची यादी होते, हयात पती किंवा पत्नीचा अर्धा हिस्सा वेगळा निघतो आणि मुलगे-मुली समान धरले जातात. एखाद्या मालमत्तेसाठी वारस आपसांत बोलीही लावू शकतात. भावाने बहिणीचे नाव गाळून वारसांचा दस्त केला असेल, तर सुरुवात करायला हीच जागा मला योग्य वाटते. पण दस्त खरा की खोटा असा खोल वाद निघाला, की न्यायालय पक्षकारांना नेहमीच्या दिवाणी दाव्याकडे धाडू शकते. परका माणूस तर वारसच नाही, मग त्याच्यासाठी इन्व्हेंटरीने सुरुवात करणे म्हणजे वर्षे फुकट घालवणे.

मामलेदारांपुढे म्युटेशनला, म्हणजे उताऱ्यावरच्या नावाच्या फेरफाराला, हरकत घ्या, जरूर घ्या. तेवढ्यावर मात्र विसंबू नका. म्युटेशनने मालकी ठरत नाही.

आम्ही मनाई हुकुमाच्या अर्जासह दावा घातला आणि त्याच आठवड्यात पोलिसांत तक्रार दिली. आत्याला ते पटायला दोन रात्री लागल्या. दस्त रद्द झाला की इन्व्हेंटरी तिच्याच हाताने घालायची, असे ठरले आहे.