फॅमिली गेमचे व्हिडिओ: साधं यूट्यूब की यूट्यूब किड्स?

आई-बाबा मुलांसोबत गेम खेळताना दिसले, म्हणजे व्हिडिओ चिमुरड्यांना चालेलच असं नाही. साध्या यूट्यूबवर ऑटोप्ले चालू असेल, तर पुढे काय लागेल याचा नेम नाही. 2015 मध्ये आलेल्या यूट्यूब किड्समध्ये वयोगट ठरवता येतो. पालकांनी मंजूर केलेलंच दिसावं अशी सेटिंग निवडली, तर सर्चही बंद होतो. तरी नुसत्या वयोगटावर विसंबू नये, कारण ती गाळणी मुख्यतः यंत्राची. हरल्यावर भावाला ‘मूर्ख’ म्हणणं, प्रँकच्या नावाखाली धाकटीला रडवणं, मध्येच नव्या खेळण्याचं कौतुक (जाहिरातच ती!) हे त्या गाळणीला खटकेलच असं नाही. म्हणून मी किड्सच निवडेन, पण मंजूर यादीसकट. यादीत टाकण्याआधी व्हिडिओ मधूनच कुठूनतरी लावावा, आवाज चालू ठेवून. सुरुवातीला सगळेच गोड बोलतात.