ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत विंडोज, मॅक आणि लिनक्स: कोणता लॅपटॉप जास्त टिकतो?

लॅपटॉप दोन कारणांनी निकामी होतो. एकतर आतला एखादा भाग जातो, नाहीतर सगळे भाग ठणठणीत असताना ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट थांबतात. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नियमित अपडेट थांबले, तेव्हा कितीतरी चांगली यंत्रं या दुसऱ्या कारणाने मागे पडली. म्हणून विंडोज, मॅक आणि लिनक्स यांची तुलना करताना सिस्टिम आणि तिच्याखालचं यंत्र एकत्रच बघायला हवं. आमचं मत आधीच सांगून टाकतो: खाडीकाठी राहणाऱ्याने दिसण्यापेक्षा उघडून दुरुस्त करता येणाऱ्या यंत्राला जास्त भाव द्यावा.

कारण इथली हवा. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, बेलापूर किंवा ठाण्याचा कोपरी-कळवा भाग, सगळीकडे हवेत ओल आणि खार दोन्ही आहे. जून ते सप्टेंबरमध्ये हवेतल्या बाष्पाचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. महापे किंवा ऐरोलीच्या ऑफिसात एसी २२ अंशांवर चालतो, त्यामुळे दिवसभर तिथे थंड झालेला लॅपटॉप बाहेर काढून लगेच उघडला की त्याच्या धातूवर, आतल्या बोर्डवरसुद्धा, पाणी धरतं. थंडगार लॅपटॉप बंद बॅगेतच अर्धा तास राहू द्यावा, मग सुरू करावा. ही एक सवय कुठल्याही महागड्या कव्हरपेक्षा जास्त उपयोगाची आहे.

ओलीने सर्वात आधी जातात ते यूएसबी-सीचे पोर्ट. पिनांमध्ये खारट ओल आणि वरून चार्जिंगचा प्रवाह, असं दोन्ही जमलं की तांब्यावर हिरवा थर चढतो. सुरुवातीला केबल एकाच बाजूने चालते, मग हलवून चालते, मग चालतच नाही. अशा वेळी पिन घालून खरवडू नये. यंत्र बंद करून, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ ब्रशने पोर्ट साफ करावा आणि पूर्ण वाळल्यावरच केबल लावावी. रॅमचे सोनेरी संपर्क काळवंडले तरी हाच उपाय. पावसाळ्यात लॅपटॉप कपाटात पडून राहू देऊ नका. रोज तासभर चालू राहिला तर त्याच्या स्वतःच्या उष्णतेने तो कोरडा राहतो.

आता यंत्रांकडे वळू. विंडोजचं म्हणून एक यंत्र नसतं, आणि तुलनेत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. सेलमध्ये मिळणारा स्वस्त प्लास्टिकचा लॅपटॉप आणि कंपन्यांसाठी बनवलेला लेनोवोचा थिंकपॅड, डेलचा लॅटिट्यूड किंवा एचपीचं एलिटबुक, या दोहोंवर विंडोज तेच असतं, पण आयुष्य वेगळं. स्वस्त लॅपटॉपचं दुखणं म्हणजे हिंज, म्हणजे पडद्याची बिजागरी. पितळी नट प्लास्टिकच्या खुंट्यांत बसवलेले असतात आणि हिंज मात्र घट्ट असतो. वरचा पडदा एका कोपऱ्याला धरून उघडत राहिलं की ताण त्या खुंट्यांवर येतो, त्या उखडतात आणि हिंजजवळ पडद्याची चौकट फाकू लागते. फट दिसताच दुरुस्ती केली तर एपॉक्सीने खुंटी परत बसते आणि हिंजचा नट किंचित सैल करून काम भागतं. तसाच वापरत राहिलात तर पडद्याची केबल चिरते आणि खर्च अनेक पटींनी वाढतो. लॅपटॉप नेहमी मध्यभागी धरून उघडावा.

पंख्याच्या यंत्रांचं दुसरं दुखणं धूळ. घोडबंदर रोडच्या बांधकामांची किंवा तुर्भ्याकडची धूळ पंख्यातून आत जाते आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या पातळ पत्र्यांसमोर लोकरीसारखा थर बसतो. मग तापमान ९५ अंशांच्या पुढे जातं, प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि लोक म्हणतात, विंडोज हळू झालं. फॉरमॅट करून काही होत नाही. वर्षातून एकदा खालचं झाकण उघडून ब्रश आणि ब्लोअरने सफाई करावी. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी, नाहीतर बेअरिंग खराब होतं. तीन-चार वर्षांनी प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट बदलावी.

थिंकपॅड टी४८० हे कंपन्यांसाठीच्या यंत्रांतलं आमचं आवडतं यंत्र. २०१८चं मॉडेल, आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, रॅमचे दोन स्लॉट, एक बॅटरी आत आणि एक बाहेरून खटका सरकवून निघणारी, त्यामुळे यंत्र बंद न करता बाहेरची बॅटरी बदलता येते. खालच्या झाकणाचे स्क्रू साध्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने सुटतात आणि झाकणातच अडकून राहतात, हरवत नाहीत. कीबोर्डवर सांडलेलं पाणी खालून वाहून जायला भोकं आहेत, पण तेवढ्या भरवशावर चहा शेजारी ठेवू नये. एक दोष मात्र पक्का: थंडरबोल्ट, म्हणजे या पोर्टमागच्या चिपच्या, जुन्या फर्मवेअरमुळे (आत बसवलेल्या प्रोग्रॅममुळे) यूएसबी-सी पोर्ट चार्जिंग किंवा बाहेरचा पडदा स्वीकारेनासा होतो. सेकंडहँड घेतला की पहिल्याच दिवशी हे फर्मवेअर अपडेट करा. पोर्ट एकदा बिघडला की नुसत्या अपडेटने भागेलच असं नाही. एचपीचं एलिटबुक ८४० जी५ही याच पिढीचं आणि तितकंच उघडायला सोपं आहे.

आठवी पिढी महत्त्वाची का, तर विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीची सिस्टिम चालू देणारी सोय) आणि साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा इंटेल किंवा रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर लागतो. आय५-८२५०यू असं नाव असेल तर डॅशनंतरचा ८ म्हणजे आठवी पिढी. आय५-७२००यू असेल तर सातवी, तिथे विंडोज १०वरच अडकाल. नियम चुकवून विंडोज ११ बसवता येतं, पण अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. हिशेबाचं काम असलेल्या यंत्रावर हा धोका घेऊ नये.

विंडोज ११ची एक गोष्ट दुरुस्तीच्या वेळी फार छळते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बहुतेक नव्या यंत्रांवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे कुलूपबंद होते. मग मदरबोर्ड बदलला किंवा बायोस (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) अपडेट केलं की निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की विचारली जाते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. लॅपटॉप दुरुस्तीला देण्याआधी तिथून उतरवून कागदावर लिहून ठेवा. की नसेल तर डिस्क शाबूत असूनही डेटा गेला.

मॅकचं गणित उलटं आहे. नोव्हेंबर २०२०च्या, अ‍ॅपलच्या स्वतःच्या एम१ प्रोसेसरपासूनच्या मॅकबुक एअरला पंखाच नाही. धूळ आत ओढली जात नाही, यंत्र गरम कमी होतं, अ‍ॅल्युमिनियमच्या अंगाला हिंजच्या खुंट्या उखडण्याचा प्रश्न नाही. नुसत्या बांधणीत या किमतीच्या आसपास दुसरं काही त्याला गाठत नाही. पण रॅम प्रोसेसरच्या चिपशीच जोडलेली, एसएसडी बोर्डवर सोल्डर केलेली आणि तिचं एन्क्रिप्शन त्याच बोर्डशी बांधलेलं. बोर्डवर पाणी गेलं तर डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावणं शक्यच नाही, आधी बोर्ड जिवंत करावा लागतो. त्यामुळे मॅक घेणाऱ्याने बाहेरची डिस्क त्याच दिवशी घ्यावी आणि टाइम मशीन, म्हणजे मॅकची बॅकअपची सोय, सुरू करावं. ही चैन समजू नये, तो किमतीचाच भाग धरावा.

पडद्याचीही काळजी घ्यावी लागते. झाकण आणि कीबोर्ड यांतली फट इतकी बारीक आहे की वाळूचा कण किंवा कॅमेऱ्यावर चिकटवलेलं झाकण मध्ये राहिलं तर काच तडकते. साध्या कागदाहून, म्हणजे ०.१ मिलिमीटरहून जाड काही चिकटवू नका, असं अ‍ॅपल स्वतः सांगतं.

सेकंडहँड मॅक घेताना वर्ष नीट बघा. २०१५ ते २०१९ दरम्यानच्या अनेक मॅकबुकांत बटरफ्लाय कीबोर्ड होता. धुळीचा एक कण गेला की अक्षर दोनदा उमटतं किंवा उमटतच नाही, आणि तो बदलायला बॅटरीसकट वरचा अख्खा भाग बदलावा लागतो. ही मॉडेलं टाळाच. इंटेलचे इतर मॅकही आता घेऊ नयेत. २०२५ची मॅकओएस टाहो ही इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती, आणि २०२०च्या इंटेल एअरला तीही मिळाली नाही. त्याच वर्षी आलेल्या एम१ एअरला मिळाली. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखे, म्हणून दुकानात 'अबाउट धिस मॅक' उघडून चिपचं नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

लिनक्सचा जोर जुन्या यंत्रांवर दिसतो. सातव्या पिढीचा लॅपटॉप, ८ जीबी रॅम आणि एसएसडी एवढ्यावर लिनक्स मिंट ही लिनक्सची आवृत्ती छान चालते. मिंट २२ला २०२९पर्यंत अपडेट आहेत, आणि उबुंटू २४.०४ या दुसऱ्या आवृत्तीला वैयक्तिक वापरासाठी मोफत 'प्रो' नोंदणी घेतली तर त्याहून पुढेही. थिंकपॅडवर टीएलपी नावाच्या साधनाने चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवता येतं, त्यामुळे कायम प्लगला लावलेली बॅटरी फुगण्याचा धोका कमी होतो. विंडोजवर हेच लेनोवो व्हँटेजमधून होतं. लेनोवो आणि डेलच्या बिझनेस यंत्रांचं फर्मवेअरही लिनक्समधूनच अपडेट होतं. बसवण्याआधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह (डिस्कवर न बसवता) चालवून वायफाय, आवाज आणि झाकण लावल्यावरची झोप तपासा. फिंगरप्रिंट आणि एनव्हिडियाचं ग्राफिक्स या दोन ठिकाणी अडचण येण्याची शक्यता जास्त.

पण काम काय आहे यावर सगळं ठरतं. हिशेबाचं टॅली विंडोजवरच चालतं. छपाईच्या दुकानातल्या श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाइलींसाठी विंडोजच सोयीचं. घरोघरी असलेला कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर लिनक्सवर बसवणं कटकटीचं, एचपीचे बहुतेक प्रिंटर मात्र लगेच चालतात. युनिकोड मराठी तिन्हींवर व्यवस्थित टाइप होतं, इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणीही तिन्हींत आहे. सीए, छापखाना, टॅलीवर चालणारं दुकान: आठव्या पिढीपासूनचं बिझनेस यंत्र आणि विंडोज ११. शिकणारी मुलं, लिखाण, कोडिंग: तेच यंत्र आणि लिनक्स. व्हिडिओ एडिटिंग आणि रोजचा प्रवास: एम मालिकेचा मॅकबुक एअर.

विजेबाबत थोडं. दोन पिनांच्या प्लगवर चार्ज होणाऱ्या धातूच्या लॅपटॉपवर हात फिरवला की झिणझिण्या येतात. अ‍ॅडॉप्टरमधल्या फिल्टरचा अगदी बारीक गळतीचा प्रवाह अर्थिंग नसल्यामुळे अंगावर येतो. तीन पिनांची केबल आणि चांगलं अर्थिंग असलेला सॉकेट वापरला की तो थांबतो. तीन पिना लावूनही झिणझिण्या राहिल्या तर घरातलं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या.

नौपाड्यात, वाशीत किंवा लॅमिंग्टन रोडवर जुना लॅपटॉप घेताना काउंटरवरच बॅटरी तपासा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी'ची बॅटरी रिपोर्ट काढली की मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी दिसतात. ७० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत भावातून वजा करून घ्या. मॅकवर सिस्टिम रिपोर्टमध्ये सायकल काउंट, म्हणजे बॅटरी किती वेळा पूर्ण वापरली गेली तो आकडा, बघा, अ‍ॅपलने या बॅटऱ्या १,००० सायकलसाठी ठरवलेल्या आहेत. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून एका कोपऱ्यावर डुगडुगतो का तेही पाहा, कारण फुगलेली बॅटरी बऱ्याचदा अशीच कळते. मॅक दुकानातच पूर्ण पुसून, वायफायला जोडून नव्याने सुरू करायला सांगा. कुठल्या कंपनीचं व्यवस्थापन किंवा जुन्या मालकाचं अ‍ॅक्टिव्हेशन लॉक असेल तर ते त्याच वेळी पडद्यावर येतं. विंडोजच्या यंत्रात बायोस उघडून पासवर्ड नाही ना हे बघा. नव्या थिंकपॅडवर विसरलेला बायोसचा सुपरवायझर पासवर्ड काढायचा तर अधिकृत मार्ग मदरबोर्ड बदलण्याचाच आहे.