पार्टनरशी वाद झाला तेव्हा गेलो ते सोलापूरच्या होटगी रोडचं वकील ऑफिस – ५ पैकी ४ स्टार

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टेरी टॉवेलचं युनिट आहे, मी आणि मावसभाऊ दोघंच पार्टनर, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) केलेली. पैसा माझा जास्त, लूमकडं बघायचं काम त्याचं. गेल्या दिवाळीच्या सुमारास कळलं की तो दुसऱ्या नावानं आमच्याच गिऱ्हाइकांना माल देतोय. झोप उडाली, मावशीचं आमच्याकडं येणं बंद झालं, आणि जो भेटेल तो सांगायचा की मुंबईला एनसीएलटीत (कंपन्यांचे वाद बघणाऱ्या न्यायाधिकरणात) जा, कंपनी कायद्याच्या कलम २४१ खाली केस टाक.

वकील मॅडमनी पहिल्या दिवशीच ते डोक्यातनं काढलं. २४१ कंपनीच्या शेअरहोल्डरांसाठी आहे, तुमची एलएलपी, तिचा कायदा २००८ चा, वेगळा. मग अ‍ॅग्रीमेंट मागितलं आणि माझ्यासमोर ओळ न ओळ वाचलं. रजिस्ट्रेशन करून देणाऱ्यानं तयार मसुद्यात नावं बदलून दिलेली, आम्ही न वाचताच सह्या केलेल्या. पार्टनर बाहेर पडला तर हिशेब कसा करायचा, वाद झाला तर कुठं जायचं, काहीच नाही त्यात. जे लिहिलेलं नाही तिथं कायद्याची पहिली अनुसूची (कायद्याला जोडलेली नियमांची यादी) लागते हे मला तिथं कळलं. म्हणजे पैसा माझा जास्त म्हणून मी त्याला काढू शकत नाही, तसा अधिकार अ‍ॅग्रीमेंटमध्ये स्पष्ट लिहिलेला लागतो. नशीब नफ्याची टक्केवारी तरी लिहिलेली होती, नाहीतर तीपण निम्मी-निम्मी धरली असती. पण त्याच अनुसूचीत हेपण आहे की फर्मच्या संमतीशिवाय तोच धंदा स्पर्धेत केला तर त्यातला नफा फर्मला द्यावा लागतो. इथं मला जरा बळ आलं.

सगळ्यात मोठं काम केलं ते बँकेच्या बाबतीत. खातं थांबवा म्हणून मी पत्र लिहून तयार ठेवलेलं. त्या म्हणाल्या, "खातं गोठलं तर शनिवारी कामगारांना काय देणार, सूतवाल्याला काय सांगणार?" तीस-पस्तीस घरं चालतात हो या युनिटवर, रागात मी ते विसरलोच होतो. पत्र फाडलं.

मग त्याच अनुसूचीप्रमाणे हिशेब मागणारी आणि लवादाची (कोर्टाऐवजी वादाचा निकाल देणाऱ्या त्रयस्थाची) नोटीस गेली. लवाद कोण यावर ३० दिवसांत एकमत झालं नाही तर हायकोर्टाकडं मागावा लागतो, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून आपला जिल्हा हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचला जोडलाय, म्हणजे तिकडं जावं लागलं असतं. ती वेळ आली नाही. दोन्ही वकिलांनी चार बैठका घेतल्या, बाहेरच्या सीएकडनं किंमत काढली, तो चोरून केलेल्या मालाचा नफा त्यातनं वजा झाला आणि भाऊ बाहेर पडला. पार्टनर बदलल्याचा फॉर्म ४ तीस दिवसांच्या आत भरून घेतला, कारण रजिस्ट्रारला किंवा ज्याच्याशी व्यवहार आहे त्याला कळवलं नाही तर बाहेरच्यांसाठी तो पार्टनरच राहतो. कॅश क्रेडिटला (धंद्याच्या रोजच्या खर्चासाठी बँकेनं दिलेल्या कर्जाला) दिलेली त्याची पर्सनल गॅरंटी मात्र बँकेनं सोडायला दोन महिने घेतले, एलएलपीत जबाबदारी मर्यादित असली तरी गॅरंटीवर सही केली की घर अडकतं, हे लक्षात ठेवा.

एक स्टार का कापला? फी आधी सांगतात, लपवत नाहीत, पण सीएची फी आणि स्टँप वेगळा हे मला तिसऱ्या बैठकीला कळलं. दुपारी २ ते ४ फोन उचलत नाहीत. आणि वेळ घेऊन जाऊनही दोनदा तासभर बसलो.

मावशी संक्रांतीला तिळगूळ घेऊन आली, भाऊ नाही आला अजून.

जाताना अ‍ॅग्रीमेंट, बँकेचं सॅंक्शन लेटर (कर्जमंजुरीचं पत्र) आणि मागच्या तीन वर्षांचे फॉर्म ८ आणि ११ (एलएलपीचे वार्षिक हिशेब आणि रिटर्न) घेऊन जा, नाहीतर पहिली फेरी फुकट जाते.