वस्तीच्या वार्तापत्रावर मत मागायचं: चिठ्ठीतून की बैठकीत?

माझं झुकतं माप बैठकीला. सोलापूरच्या पूर्व भागात बरेच वाचक घरी तेलुगू बोलतात; यंत्रमाग नाहीतर विडीकाम करून दमलेल्या माणसाला मराठीत अभिप्राय लिहा म्हटलं, तर चिठ्ठी कोरीच परत येते. बैठकीत तीच मावशी अंकावर बोट ठेवून सांगेल, "अक्षर बारीक आहे, नंदीध्वजांच्या मिरवणुकीची वेळ सापडतच नाही." असं नेमकं सांगितलं की पुढच्याच अंकात सुधारता येतं. संपादकाने तिथे खुलासे देत बसू नये, लिहून घ्यावं, "अजून काय खटकलं?" एवढंच विचारावं.

चिठ्ठीचा फायदा एकच, पण मोठा. शेजाऱ्याच्या लेखाबद्दलची नाराजी त्याच्या तोंडावर बोलवत नाही, निनावी लिहिता येते. म्हणून बैठकीच्या दाराशी डबाही ठेवावा.