सायकिअ‍ॅट्री पोस्टिंग: पाठीशी सर असावेत की वरच्या बॅचची ताई?

एमबीबीएसला सायकिअ‍ॅट्रीची पोस्टिंग (मनोविकार वॉर्डातलं प्रत्यक्ष शिक्षण) जेमतेम काही आठवड्यांची. मुलं वॉर्डात बिचकत शिरतात आणि बरीचशी तशीच बाहेर पडतात. त्यांना हाताशी कोण द्यावं, हे ठरवणाऱ्या विभागांसाठी हे लिहिते आहे.

निदानातले बारकावे शिकवावेत ते शिक्षकांनीच. पण "पेशंटला मरावंसं वाटतं का, हे विचारायला माझी जीभ रेटत नाही," असं मुलगी त्यांच्यापुढे बोलत नाही. लॉगबुकवर सही त्यांचीच असते ना!

तेच ती इंटर्नला, म्हणजे फायनल संपवून वॉर्डात काम करणाऱ्या वरच्या बॅचच्या ताईला, जिन्यात विचारते. आमच्या एका इंटर्न मुलीने अशा ज्युनिअरला तिथेच पायरीवर बसवून सराव करून घेतला. आधी झोपेचं विचार, मग भुकेचं, मग "एवढं सोसताना जगणं नकोसं वाटतं का?" आणि त्यानंतर सरळ आत्महत्येचा प्रश्न. विचारल्याने पेशंटच्या डोक्यात तो विचार भरतो, ही समजूत चुकीची आहे, हेही तिनेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी ज्युनिअरने वॉर्डात तो प्रश्न विचारला. दोन दिवस गप्प असलेली बाई बोलती झाली.

जेआर (ज्युनिअर रेसिडेंट, म्हणजे एमडी करणारे डॉक्टर) शिकवतात छान, पण त्यांच्या ड्युट्या पाहता त्यांच्यावर हा भार टाकू नये.

इंटर्न किंवा फायनलच्या मुलांचे धोकेही आहेत. एमएसई (पेशंटच्या मनःस्थितीची तपासणी) ते कधी चुकीची शिकवतात. केसची चर्चा कँटीनपर्यंत जाते, आणि २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयता हा पेशंटचा हक्क आहे. सगळ्यात नाजूक बाब म्हणजे केस घेता घेता मुलाला स्वतःचंच दुखणं सापडतं. तिथे इंटर्नने समुपदेशक होऊ नये. परीक्षेशी संबंध नसलेल्या एका ठरलेल्या शिक्षकाकडे त्याला सोबत घेऊन जावं. रात्री-अपरात्री टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आहेच.

माझं मत इंटर्नच्या बाजूने आहे. चार मुलांमागे एक, तोही स्वखुशीने आलेला, आणि आठवड्यातून एकदा त्या इंटर्नशी बोलणारा एक शिक्षक. मात्र वरच्या बॅचसमोर मान खाली घालूनच उभं राहायचं, असा तुमच्या कॉलेजचा रिवाज असेल, तर आधी शिक्षकांपासून सुरुवात करा. तिथे ज्युनिअर जिन्यातही तोंड उघडणार नाही.